नाकआत्याची ऑडिशन

आमच्या नाकआत्याने उभ्या आयुष्यात चुलीवरच्या पदार्थाची चव घेऊन पाहिली नाही. पाचशे माणसांचं वरण असो की पाच जणांची कढी, मीठ बराबर आहे का हे बघायला तिने कधी पळी तळहातावर टेकवली नाही. औंढ्याला ती नैवेद्याचा स्वयंपाक करायची. नागनाथाच्या दर्शनाला आलेल्यांपैकी कुणाचा अभिषेक असायचा, कुणाचा नवस. त्यांचं पुरणावरणाचं ताट आत्याच्या घरून जायचं. देवाच्या आधी माणसाने चाखायचं नाही, हा नियम सगळ्याच घरांत असतो, पण तो सणावारापुरता. आत्या तो रोज पाळायची, माझ्यासाठी केलेल्या पोह्यांनासुद्धा. "देवासाठी एक हात आन् तुझ्यासाठी दुसरा, असे वेगळे हात कुठून आणू रे सुध्या?" असं तिचं म्हणणं.

मग मीठ कळायचं कसं? तर नाकाने. "मीठ पडलं नाही तोवर वरण उंडारतं. वास घरभर फिरतो. मीठ पडलं की तो खाली बसतो, घरी आल्यासारखा." हे तिने मला लहानपणापासून इतक्यांदा समजावलं, आणि मी इतक्यांदा पातेल्यावर वाकलो, पण मला एकदाही काही बसलेलं कळलं नाही. नाकआत्या हे नाव आम्हा भाचरांनीच ठेवलेलं. ते ऐकून लांब, धारदार नाकाची बाई डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात तिचं नाक शेंगदाण्याएवढं होतं. घराण्यात लांब नाक एकच, ते माझं, आणि त्याला सर्दीशिवाय काही समजत नाही.

माझं लग्न हट्ट्याला झालं, सुनंदाच्या गावी. मांडवाच्या एका टोकाला पंगत, दुसऱ्या टोकाला चुलवण. मी मुंडावळ्या सावरत बसलो होतो. शेजारी बसलेल्या आत्याने एकाएकी मान वर केली आणि ओरडली, "अरे धरा त्याचा हात! दुसऱ्यांदा मीठ टाकून राहिला तो!" सगळे धावले. आचाऱ्याची मूठ खरोखर वरणाच्या पातेल्यावर होती. तो बिचारा नवरदेव असल्यासारखा लाजला, आणि माझ्याकडे त्या दिवशी पुन्हा कुणी बघितलं नाही.

तिचं आणखी एक वाक्य होतं: "जीभ लाचखाऊ असते. गोड दिलं की सही करते. नाक इमानदार." हे वाक्य ती नेमकं माझ्याकडे बघून म्हणायची, कारण मी हिंगोलीला सरकारी कचेरीत कारकून. मी चहाशिवाय कधी काही घेतलेलं नाही, पण ते वाक्य ऐकताना मला सगळे चहा आठवायचे.

आत्याला मूलबाळ नव्हतं. तिचे यजमान पौरोहित्य करत. ते लवकर गेले. त्यानंतर तिच्या घरात रोज येणारं माणूस एकच, जवळच्या तांड्यावरून दूध घालणारी जमनाबाई. ती आत्याला 'याडी' म्हणायची, म्हणजे तांड्याच्या बोलीत आई. सकाळी ती उंबऱ्याशी चरवी टेकवायची, आणि आत्या आतून विचारायची, "सांग बरं जमना, काय काय केलंय?" जमनाबाई नाक वर करून सांगायची, "वरण. भज्याचं तेल तापलंय. अन् तूप जरा करपून राहिलं, याडी." आम्हाला वाटायचं, दोघींचा हा खेळ आहे. कोरोनानंतर कधीतरी तो सुरू झाला होता. एकट्या बायका, काढतात काहीतरी करमणूक.

दुसरी करमणूक टीव्हीची. स्वयंपाकाची एक स्पर्धा लागायची, आणि तिचा जुना भाग दुपारी पुन्हा दाखवायचे. दोघी ती बघायच्या, आत्या पाटावर, जमनाबाई दाराशी. स्पर्धकाने रश्श्यात चमचा बुडवून तोंडात घातला की आत्या कळवळायची. "बघ, बघ, पुन्हा चाटलं! हे पोरगं सारखं चाटून राहिलं. वाढायला काही उरवतं की नाही?" एका रविवारी मी हे ऐकत बसलो होतो, आणि माझ्या डोक्यात अर्ज आला.

अर्ज भरणं हा माझा व्यवसायही आहे आणि आजारही. कोरा रकाना दिसला की माझा हात शिवशिवतो. त्या स्पर्धेचा अर्ज मोबाईलवर होता. नाव, गाव, वय भरलं. पुढे प्रश्न होता, आपलं वेगळेपण काय? मी लिहिलं: 'चव न घेता, केवळ वासावर संपूर्ण स्वयंपाक. डोळे बांधले तरी.' यातलं 'डोळे बांधले तरी' हे माझं. आत्याचे डोळे कुणी कधी बांधले नव्हते. पण रकान्यात जागा शिल्लक होती, आणि रिकामी जागा मला बघवत नाही.

"अहो, आत्यांना विचारलंत का?" सुनंदाने विचारलं.

"निवड झाली की विचारू."

"आणि नाही झाली तर?"

"मग विचारायची गरजच काय?"

सुनंदा म्हणाली, "तुमच्या कचेरीत असंच चालतं का हो?" मी मोबाईल खिशात टाकला, कारण असंच चालतं.

दीड महिन्याने कचेरीत फोन वाजला. मुंबईची मुलगी बोलत होती. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. का, ते मला माहीत नाही. ती म्हणाली, "सर, आत्याजींचा फॉर्म आमच्या टीमला खूप आवडला. पुढच्या रविवारी नांदेडला ऑडिशन आहे. डोळ्यांवर पट्टी बांधायची, समोर दहा वाट्या, वासावरून ओळखायचं. मग त्यातूनच एक पदार्थ. चव घ्यायची नाही. तुम्ही लिहिलंय ना, अगदी तेच करायचं. शुक्रवारपर्यंत नक्की सांगा."

मी त्याच दुपारी औंढ्याला गेलो. आत्या पुरण वाटत होती. मी सगळं सांगितलं, हातवारे करून. ती ऐकत होती. मग तिचा हात थांबला.

"हे तू लिहिलंस?"

"हो."

"डोळे बांधले तरी?"

"हो. म्हणजे, तुला काय अवघड आहे त्यात?"

तिने पुन्हा पुरण वाटायला घेतलं. सगळं वाटून झाल्यावर म्हणाली, "बघते."

आत्याच्या तोंडी 'बघते' हा शब्द मी आधी ऐकला नव्हता. तिचं एकतर व्हय असायचं नाहीतर चल नीघ. ते मला तेव्हाच खटकलं. पण मी ते आनंदाच्या खात्यावर टाकलं.

पुढचे दिवस विचित्र गेले. औंढ्याच्या स्टँडजवळ झेरॉक्सचं दुकान चालवणारा आमचा एक ओळखीचा होता. त्याला मी उत्साहाच्या भरात सांगून बसलो, आणि दुसऱ्या दिवशी तिथे फ्लेक्स लागला. 'हार्दिक शुभेच्छा.' आत्याचा पासपोर्टचा फोटो, आणि त्याच्या दुप्पट माझा. येणारा-जाणारा आत्याला विचारायचा, "नांदेडला कधी जाऊन राहिलात?" ती मान हलवायची. त्या मानेचा अर्थ व्हय की नाही, ते कुणाला कळायचं नाही. मलाही नाही.

तिचे फोन मात्र यायला लागले. एरवी महिन्यात एक फोन करणारी बाई, आता दिवसातून दोनदा.

"सुध्या, वाट्या स्टीलच्या असतात का काचेच्या?"

"स्टीलच्याच असतील गं."

"आत अख्खा मसाला असतो की पूड?"

"दोन्ही असेल."

आणि बुधवारी सकाळी, "का रे, डोळे बांधल्यावर कान पण बांधतात का?"

मी खदखदून हसलो. सुनंदाला सांगितलं, बघ, आत्या कशी जोरात तयारीला लागली आहे. सुनंदा हसली नाही. म्हणाली, "मला हे काही ठीक वाटत नाही. हळद शिजायला लागली तरी यंदा त्यांचा फोन आला नाही, लक्षात आहे का तुमच्या?"

नव्हतं. आमच्याकडे होळीच्या आगेमागे हळद शिजवतात, तेव्हा शिवारभर तिचा वास पसरतो. दरवर्षी पहिल्या दिवशी आत्याचा फोन ठरलेला: "शिजून राहिली बरं का. या, वास खाऊन जा." तो फोन यंदा आला नव्हता. मागच्या वर्षीही आला नव्हता. त्याच्या मागच्या वर्षीचं मला आठवेना. मी म्हणालो, वय झालं तिचं, विसरली असेल. पण हे बोलताना माझा आवाज मलाच पटला नाही.

गुरुवारी मी रजा टाकून औंढ्याला गेलो. म्हटलं, एक रंगीत तालीम करून टाकू म्हणजे तिची भीती जाईल. जमनाबाई दूध घालून दाराशी टेकली होती. मी सहा वाट्या मांडल्या आणि माझ्याच रुमालाने आत्याचे डोळे बांधले. आत्या मुकाट बसली. पहिली वाटी नाकाशी धरली.

"हलव जरा," ती म्हणाली.

मी हलवली. "मोहरी."

बरोबर. दुसरी. "हलव. जिरं." बरोबर. तिसरी मेथी, चौथी धने. मी टाळ्या वाजवायचाच बाकी होतो. जमनाबाई मात्र दाराशी चुळबुळत होती. म्हणाली, "साहेब, ऱ्हाऊ द्या ना आता. थकल्या याडी."

"दोनच राहिल्या," मी म्हणालो. पाचवी वाटी हिंगाची. बारीक पूड. ती उचलताना मलाच शिंक आली. मी ती आत्याच्या नाकाशी नेली.

"हलव."

हलवली. पुडीचा काय आवाज येणार? आत्या थांबली. तिने मान थोडी तिरकी केली, कान वाटीकडे. कुठूनतरी काही ऐकू येईल अशी ती वाट बघत होती. तिच्या ओठांवर घाम आला.

"हळद," ती म्हणाली. मग हळूच, "हळदच आहे ना रे?"

जमनाबाईने पदर तोंडाला लावला. मी वाटी खाली ठेवली. हिंगाचा वास माझ्या बोटांना, रुमालाला, सगळ्या खोलीला लागला होता, आणि त्याच्या मधोमध डोळे बांधून आत्या उत्तराची वाट बघत होती.

रुमाल तिने स्वतःच सोडला. वाटीकडे बघितलं. "हिंग," ती म्हणाली. "हिंगसुद्धा नाही कळला."

मग तिने सांगितलं. कोरोनात वास गेला. येईल परत म्हणून ती थांबली. महिने गेले, वर्षं गेली, आला नाही. "कुणाला सांगायचं? लोकं माझ्या नाकाच्या नावाने ताट मागतात. जमनाला कळलं, कारण एकदा दूध करपून कोळसा झालं अन् मी शेजारीच बसून होते."

"म्हणून रोज दारातून..."

"व्हय," जमनाबाई म्हणाली. "मी सांगते काय लागलं, काय करपलं. बाकी समदं याडीच करते."

"पण कसं?"

"कानाने," आत्या म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिच्या आवाजात थोडी जान आली. "मोहरी किती तडतडायची राहिली ते कळतं. डाळ शिजली की तिचा आवाज जड होतो. कढी तर माणसासारखी बोलते. आधी गुणगुणते, मग एकदम गप्प होते, मग उतू यायला निघते. ती बोलायची थांबली की मीठ टाकायचं. किती टाकायचं ते हाताला ठाऊक आहे."

मला एक शंका आली. "जिभेला खारट-गोड कळतं ना अजून?"

"कळतं की."

"मग एवढी वर्षं जरा चाखून का नाही पाहिलंस? कुणाला समजलं असतं?"

आत्या वाट्या एकात एक घालत राहिली. "एकदा नेलं होतं बोट आमटीत."

"मग?"

"मग धुतलं."

मी हिंगाची वाटी पुसून तिच्याकडे सरकवली.

"नाव नाकाचं, आन् स्वयंपाक कानाचा," ती म्हणाली. "ही फसवणूक झाली का रे, सुध्या? नागनाथाला कितीदा विचारलं. तो काही बोलत नाही. आता तुझा टीव्ही विचारून राहिला."

माझ्यातला कारकून जागा झाला. मी एकामागून एक मार्ग काढले. ताप आला म्हणून कळवू. नातलगात सुतक आलं म्हणू. शेवटी तर मी असंही सुचवलं की मी समोर बसतो, जिरं असलं की एकदा खोकतो, धने असले की दोनदा. आत्या हसायला लागली. "दहा वाट्या होईस्तोवर तुलाच दवाखान्यात न्यावं लागंल." जमनाबाईही हसली. पण हसून प्रश्न सुटत नव्हता. न गेली तर गाव विचारणार, काहून गेल्या नाहीत. गेली तर सगळा मुलूख बघणार. ही दोन्ही दारं मीच उघडली होती, आणि तीही रकाना भरायचा म्हणून.

शुक्रवारी सकाळी मी पुन्हा औंढ्यात. आत्या स्वयंपाकाला लागली होती. एका अभिषेकाचं ताट जायचं होतं. चुलीवर कढी होती. जमनाबाई दाराशी. मी तापाचं कारण पाठ करून आलो होतो. आत्या म्हणाली, "लाव फोन. बोलणार मी आहे." मी फोन लावला, आवाज मोठा केला आणि पाटावर ठेवला.

"पोरी, मी औंढ्याची. नीट ऐक. त्या अर्जात लिहिलंय ते आता खरं नाही. कोरोनापासून मला वास येत नाही. कानाने रांधते मी. तुमाला चालत असेल तर येते. नसेल तर तसं सांग."

ती मुलगी जवळजवळ किंचाळली, "आत्याजी! हे तर अजून जबरदस्त आहे! हीच तर स्टोरी आहे! तुम्ही हे असंच कॅमेऱ्यासमोर सांगायचं, थोडं हळूहळू. आणि मग शेवटी, आयुष्यात पहिल्यांदा, स्वतःच्या हातच्या जेवणाची चव घ्यायची. वाढायच्या आधी. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी येईल बघा!"

मी आत्याकडे बघितलं. खरं सांगतो, माझ्या मनात आलं, घे की एकदा. एक चमचा. त्याने सगळंच सुटतं. नाव राहतं, फ्लेक्स राहतो, माझा फोटोही राहतो.

आत्याने मान वळवली. "थांब बाई, कढी गप्प झाली," ती म्हणाली आणि उठली. तिने मीठ टाकलं, पातेलं उतरवलं, हात पदराला पुसले. ती मुलगी "हॅलो, हॅलो" करत होती. आत्या सावकाश येऊन बसली.

"नाही येत मी. राग नको मानू. एवढ्या वर्षांत देवाच्या आधी जेवले नाही, आता कॅमेऱ्यासाठी कशी जेवू? तू ये कधी जेवायला. पोटभर वाढते."

फोन ठेवल्यावर तिने मोठा श्वास घेतला. "जमना, सांग बरं काय काय केलंय?" आणि जमनाबाई रडत रडत सांगत सुटली, कढी, वरण, पुरण.

त्या दिवसापासून ताट मागायला येणाऱ्या प्रत्येकाला आत्या आधी सांगायची, "मला वास येत नाही बरं का. चालत असेल तर करते." चार-दोन घरं गेली. बाकीची म्हणाली, आम्हाला कुठं कधी फरक कळला? फ्लेक्स मी स्वतः उतरवला. माझा फोटो मोठा असल्याने जरा जास्त वेळ लागला.

पुढच्या वर्षी हळद शिजायच्या दिवसांतच आत्या गेली. चार दिवस अंथरुणावर होती. जमनाबाई उशाशी बसून तिला सांगत होती, "याडी, हळद शिजून राहिली." आत्या डोळे मिटून विचारायची, "कशी येऊन राहिली, सांग." आणि जमनाबाई वास सांगायची, ओल्या मातीसारखा आहे, मग म्हणायची, आता जरा गोडसर झाला.

वर्षश्राद्ध मी औंढ्यालाच केलं, तिच्या घरी. श्राद्धाचा स्वयंपाकही चाखायचा नसतो. बाकी सगळं सुनंदाने केलं, कढी मात्र मी मागून घेतली. सोवळं नेसून, पातेल्यावर कान करून उभा राहिलो. जमनाबाई उंबऱ्याशी तिच्या जागेवर होती. मग घास वाढून भिंतीवर ठेवला. कावळा आला, समोरच्या पत्र्यावर बसला आणि बघत राहिला. पाच मिनिटं गेली, दहा गेली. नांदेडच्या हॉलमध्ये दहा वाट्यांसमोर माणसाचं काय होत असेल, ते मला तेव्हा कळलं. शेवटी मी हात जोडून मोठ्याने म्हणालो, "आत्या, तुला न विचारता आता कुणाचाच अर्ज भरणार नाही." सुनंदा म्हणाली, "मलाही विचारत जा." तेवढ्यात कावळा उतरला आणि थेट कढीभाताला शिवला.

मग आम्ही जेवायला बसलो. जमनाबाईलाही हाताला धरून पंगतीत बसवलं. पहिला घास घेतला आणि सुनंदाने माझ्याकडे बघितलं. कढीत मीठच नव्हतं. ती बोलायची थांबली की टाकायचं, म्हणून मी मूठ भरून उभा होतो, आणि ती थांबली असं मला शेवटपर्यंत वाटलंच नव्हतं.

जमनाबाई खाली मान घालून तशीच ओरपत होती. मी विचारलं, "तुला तर दारातूनच कळलं असेल."

"व्हय."

"मग बोलली काहून नाहीस?"

"तुमी ऐकून राहिले होते, साहेब," ती म्हणाली.